ढेकूणवाल्यांच्या घरची वेबसाईट

ढेकूण मारण्याच्या धंद्याची एक गंमत आहे. गिऱ्हाईक कितीही खूश झालं, तरी चार लोकांत बोलत नाही. शिंप्याची शिफारस होते, दाताच्या डॉक्टरची होते, अगदी तुंबलेली मोरी काढणाऱ्याचीही होते. पण 'अमुक माणूस ढेकूण फार छान मारतो हो' असं कुणी म्हणालं, की ऐकणारा आधी खुर्चीवरून उठतो. त्यामुळे दादांनी उभा जन्म पाठीवर पंप घेऊन घरोघरी फवारण्या केल्या, तरी त्यांचं नाव काही कुणाच्या तोंडी झालं नाही. उलट रस्त्यात दिसले की गिऱ्हाईक ओळख न दाखवता पलीकडच्या बाजूने जायचं.

"तुमच्यापेक्षा सावकार बरा," वहिनी म्हणायच्या. "त्याला लोक निदान शिव्या तरी देतात."

दादा हसायचे. पुढे पुढे हसले की खोकला यायचा. मग जिना चढताना मधल्या टप्प्यावर थांबायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि सरळच सांगितलं, "या वासात आता जायचं नाही. पंप खाली ठेवा. निम्मी छाती गेली आहे, उरलेली तरी सांभाळा."

पंप खाली ठेवणं सोपं आहे हो, पण मग तो उचलायचा कुणी? त्यासाठी माणूस ठेवायला हवा, माणूस ठेवायचा तर कामं वाढायला हवीत, आणि कामं वाढायची तर लोकांनी तोंड उघडायला हवं. तिथंच तर सगळी वाट अडलेली.

म्हणून दादांच्या धाकट्या बहिणीने वेबसाईट काढून दिली. धाकटीचं कामच ते. दिवसभर एका कंपनीत बसून ती लोकांच्या वेबसाईटींवर माणसं कशी येतील ते बघते. साईटच्या अगदी वर तिने दादांचा मोठा फोटो टाकला, पाठीवर पंप, हातात नळी.

"दादा, जरा हस की!"

"कुणाच्या घरात ढेकूण झालेत म्हणून हसू?"

शेवटी दादा हसले. फोटो खरंच छान आला. साईट मात्र ओस पडली. दोन महिन्यांत धाकटी, वहिनी आणि कुणीतरी चुकून आलेला, एवढेच पाहुणे.

"वहिनी, आपली साईट म्हणजे बोळातलं दुकान आहे," धाकटीने समजावलं. "आत बसून राहिलं तर कोण येणार? जिथं माणसं जमतात तिथं जाऊन हाक मारायची. आता कुणीही लिहावं, कुणीही वाचावं अशा साईटी आहेत ना, तिथं काहीतरी उपयोगाचं लिहायचं. खाली आपल्या साईटची लिंक. वाचणारा मागोमाग येतो."

"लिहायचं कुणी?"

धाकटीने दादांकडे पाहिलं. दादांनी पेपर तोंडासमोर धरला.

"मला किराण्याची यादी करायचा कंटाळा येतो गं," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. आतल्या खोलीत पंप भिंतीला टेकवून ठेवलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दादांच्याच पाठीवर जाणार होता.

तेव्हापासून दुपारची भांडी झाली, की वहिनी ओटा पुसून फोन घेऊन बसायच्या. डोळे मिटत असायचे. पहिला लेख 'गादीच्या शिवणीवर काळे ठिपके दिसले तर', दुसरा 'जुनं फर्निचर घरात आणण्यापूर्वी'. लेख बरे होते आणि वाचलेही जात होते, आकडा दिसायचा. पण त्या साईटवर लेखाखाली बदामाची खूण असते, ती दाबली की दाबणाऱ्याच्या सगळ्या ओळखीच्यांना कळतं याने काय वाचलं ते. ढेकणांच्या लेखाखाली बदाम कोण दाबणार? आणि बदाम नाहीत म्हणून साईट तो लेख पुढे सरकवणार नाही. प्रत्येक लेखाला एकच बदाम यायचा, धाकटीचा.

"तुम्ही दुसऱ्यांचंही वाचायला हवं," धाकटीचा नवा सल्ला. "चार शब्द लिहायचे. मग ते आपल्याकडे येतात. रीत आहे तिथली."

मग वहिनी कविता वाचू लागल्या. कुणाची विरहाची, कुणाची चहाच्या कपावरची. प्रत्येकीखाली 'सुंदर' लिहून लिहून त्यांचा अंगठा दुखायला लागला. घरात आमटी कशीही झाली तरी त्या 'सुंदर' म्हणू लागल्या, तेव्हा दादांना काळजी वाटली.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "होतंय तोवर करतो मी."

"होतंय कुठं? काल दुसऱ्या मजल्यावर पाऊण तास बसला होतात. मला कळत नाही होय?"

कंटाळलेला माणूस एकदा तरी सैल सुटतो. एका दुपारी वहिनींनी उपयोगाचं लिहिणं सोडलं आणि मनात येईल ते लिहिलं. दादा जेवताना सांगायचे तेच. गादी उचलली की खाली काय काय निघतं. एका आजोबांच्या गादीखाली पुडीत बांधून ठेवलेल्या रोजच्या गोळ्या, न गिळलेल्या. मुलगा समजतोय बाबा औषध वेळेवर घेतात. एका बाईंच्या पलंगाखाली भरून ठेवलेली बॅग, वरच कोरा टूथब्रश. विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या, अजून ठरलं नाही." नावगाव कुणाचंच नाही. लेख चांगला होता, हे खोटं नाही. वाचताना मलाही वाटलं, बाई लिहितात.

आणि मग साईटवर धरण फुटलं. बदामांचा खच पडला. लोकांनी लेख उचलून इकडून तिकडे पाठवला, सोबत धाकटीने काढलेल्या साईटवरचा दादांचा फोटोही. धाकटीचा फोन आला, आवाज फाटलेला.

"वहिनी! साईटवर माणसं मावत नाहीयेत!"

"कामासाठी कुणी विचारलं?"

"अहो, ते येईल की हळूहळू."

हळूहळू एक फोन आला. आजोबांच्या मुलाचा. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच वहिनींना जास्त लागलं. "ते आमचे बाबा," तो म्हणाला. "तुमच्या मिस्टरांना आम्ही विश्वासाने घरात घेतलं होतं." आणि ठेवून दिला.

दुसरा फोन मेट्रनबाईंचा. मुलींचं वसतिगृह त्या चालवतात, आणि दर हंगामाला सगळ्या खोल्यांची फवारणी हे दादांचं सगळ्यात मोठं, बांधलेलं काम.

"माझं काही लिहिलं नाहीत, उपकार झाले," मेट्रनबाई म्हणाल्या.

"तुमचं कसं लिहीन हो बाई?"

"आज नाही लिहिलं. पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळीही नाही. शब्द देते."

"शब्द कशाला? पुढची वेळच येणार नाही." फोन बंद.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माणूस ठेवायचं राहिलंच. वसतिगृहाचं काम गेलं म्हणून दादा आता मिळेल ते किरकोळ काम घ्यायला लागले. एका संध्याकाळी ते फार लवकर घरी आले आणि पंप न काढताच स्टुलावर बसले.

"काय झालं?"

"चार मजले चढलो. वॉचमन खालूनच ओरडला, 'अहो, तुम्ही ते गादीखालचे ना? फोटो पाहिला!' सगळ्या खिडक्या उघडल्या. ज्या बाईंनी बोलावलं होतं, त्यांनी दार उघडून सांगितलं, आम्ही नाही बोलावलं, तुम्ही चुकून आलात." दादांनी श्वास घेतला. "चेहरा ओळखीचा झाला गं माझा."

वहिनींनी त्यांच्या खांद्यावरून पट्टे काढले. पंप भरलेलाच होता. त्याचं वजन हातावर आलं तसा त्यांचा हात खाली गेला.

त्याच संध्याकाळी त्यांनी लेख काढून टाकला. धाकटी फोनवर रडकुंडीला आली.

"वहिनी, शुद्धीवर आहात ना? एवढी माणसं आणायला आमच्या कंपनीला वर्ष लागतं!"

"माणसं आली गं. पण ढेकूण कुणाकडेच नाहीत."

"निदान लिंक तरी..."

"तू दादाचा फोटो काढ आधी."

फोटो साईटवरून निघाला. लोकांच्या फोनमधून कुठला निघतोय. सुटलेला बाण तो.

पण जग थांबलं तरी ढेकूण थांबत नाहीत. मेट्रनबाईंनी दुसरी कंपनी बोलावली. ती आली मोठी पिवळी गाडी घेऊन, गाडीवर बैलाएवढा ढेकूण रंगवलेला. गाडी दिवसभर फाटकाशी उभी. संध्याकाळपर्यंत निम्म्या मुलींच्या आयांचे फोन येऊन गेले. काही दिवसांनी मेट्रनबाईंनी पुन्हा वहिनींना फोन केला.

"लेख काढलात, बघितलं मी."

"हो."

"काम द्यायचंय. पण मिस्टरांना पाठवू नका. पोरींच्या फोनवर त्यांचा फोटो आहे."

"मग कुणाला पाठवू? माणूस ठेवलेला नाही आमच्याकडे."

"तुम्ही या ना. माझी मामेबहीण म्हणून. बाईमाणूस मोठी बॅग घेऊन आली तर कोण विचारतंय?"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादा समोरच होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी जोरजोरात हात हलवला, नको. फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्याच वासाने माझी छाती गेली. आता तुला धाडू?"

"तुम्ही तोंडाला कधी काही बांधलंत? गुदमरतं म्हणायचात. मी बांधीन."

"जड असतो तो."

"माहितीय."

"तुला नाही जमणार."

"मला लिहायला तरी कुठं जमत होतं?"

 दादा उठले, पंप रिकामा करून आणला, वहिनींना उभं केलं आणि पाठीवर लावला. पट्टे त्यांच्या मापाचे. वहिनींच्या खांद्यावरून घसरत होते. त्यांनी सुरी घेतली, पट्ट्याला वर नवी भोकं पाडली, बक्कल ओढून बसवलं, पुन्हा सैल केलं, पुन्हा ओढलं. या खटपटीतही त्यांना दम लागला.

"टोचतंय का?"

"डावीकडे थोडं."

"तिथं कापड गुंडाळतो. नळी अशी धरायची. आधी कोपरे, मग पलंगाचे सांधे. खिडक्या उघड्या. डोकं गरगरलं की लगेच बाहेर."

"बरं."

"लगेच म्हणजे लगेच."

"हो म्हटलं ना."

ते कापड शोधायला आत गेले. वहिनी पंप पाठीवर घेऊन तशाच स्टुलाच्या कडेवर टेकल्या. दादा परत आले तेव्हा वहिनींचे डोळे मिटले होते. दादांनी हाक मारली नाही. गुडघे टेकून ते डाव्या पट्ट्याला कापड गुंडाळत राहिले.