वासावरचं मीठ

समोरच्या खिडकीत एक नवरा बायकोच्या डावातला थेंब तळहातावर घेऊन चाटत होता. इकडे माझी आमटी उकळत होती, आणि मीठ बरोबर पडलंय हे मला वासावरूनच कळलं होतं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, त्यामुळे नाकाला ही सवय लागली. ह्यांचा मात्र कधीच विश्वास बसला नाही. रोज तळहात पुढे करायचे, चाटायचे आणि म्हणायचे, "आहे बाई बरोबर."

मी चिडायचे. मला कळलंय ना, मग तुमच्या जिभेची साक्ष कशाला?

हे गेल्यापासून कुणी पडताळून बघत नाही. माझं सगळंच बरोबर असतं.

आज गॅस बंद केला, आमटीचा थेंब तळहातावर घेतला आणि तो गार होईपर्यंत हात तसाच पुढे धरून उभी राहिले.