हत्यारांची सुट्टी

आमच्या मुलुंडच्या वन बीएचकेत आई, बाबा आणि मी अशी तीन माणसं राहतो, आणि उरलेल्या जागेत बाबांची हत्यारं राहतात. खरं तर उलटं म्हणायला हवं. हत्यारं आधी आली, आम्ही मिळेल तिथे सरकून घेतलं. दिवाणाखाली लोखंडी पेटी आहे. ती निम्मी आत आणि निम्मी बाहेर असते, कारण तिच्या मागे दुसरी पेटी आहे. सकाळी पवईच्या बसची वेळ गाठायला धावताना माझा अंगठा त्या पेटीवर आपटतो, मी कळवळते, आणि बाबा आतून विचारतात, "पेटीक काय झाला नाय मां?"

बाबा भांडुपच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, पेपर वाचतात, नातेवाइकांच्या लग्नांत नाक खुपसतात. बाबा पेटी उघडतात. पक्कड, पाने, छिन्न्या, पटाशी, रंधा, हातोड्या, सगळं बाहेर काढायचं, बनियनच्या फडक्याने पुसायचं, मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा आणि परत गुंडाळून ठेवायचं. आमच्याकडे बनियन फाटायची वाट बघितली जाते. घरात उदबत्तीचा वास येत नाही इतका तेलाचा येतो.

त्यात गावची हत्यारं वेगळी. मालवणकडे कोणी चाललं की येताना खाजं, कोकम आणावं ही जगाची रीत. बाबा गेले की कोयती येते, खुरपं येतं. एकदा तर पारय आली, झाडं लावायला खड्डे खणतात ती लांब लोखंडी पहार. चौथ्या मजल्यावर कुठे खणणार, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "असांदे." ती आता फ्रीजच्या मागे उभी आहे. फ्रीज पुढे आलाय, त्यामुळे स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडत नाही.

कितीही चिडचिड केली तरी दोन वस्तूंपुढे मी हार मानली आहे, ते खरं सांगायला हवं. एक, गॅलरीतलं नारळ सोलायचं यंत्र. त्याला लोखंडी चोच असते. नारळ त्यात खुपसायचा, दांडा ओढायचा, की चोच उघडते आणि सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, फाटत जातं. कोयती घेऊन बोटं सांभाळत बसायची गरजच नाही. बिल्डिंगमधल्या बायका गणपतीत पिशव्या घेऊन रांगेने येतात, बाबा दांडा ओढतात, आणि गॅलरीत इतकी सोडणं साठतात की कबुतरंसुद्धा नाराज होतात. दुसरा, झेला. आंबे उतरवायची, टोकाला जाळी असलेली ती लांब काठी. मुलुंडमध्ये आमच्या वाट्याला आंब्याचं झाड नाही, पण छज्जे आहेत, आणि छज्ज्यांवर वाळत घातलेले कपडे पडतात. झेला खाली सोडायचा, टॉवेल अलगद जाळीत घ्यायचा, वर ओढायचा. खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा, त्यांच्या खिडकीतून लोंबकळा, ही सगळी भानगड मिटली. हे सुख ज्याने भोगलं नाही त्याला कळायचं नाही.

पण एवढं असून आमच्या घरातलं एक काम वेळेवर होईल तर शपथ. बाबांची हत्यारं शेजाऱ्यांकडे जातात, पण एकटी जात नाहीत. कोणी पाना मागितला की बाबा पाना घेऊन स्वतः जातात. तिथे सोफ्यावर बसतात, चहा पितात, यांचा पडद्याचा दांडा बसवतात, त्यांच्या नळाचा वायसर बदलतात. बिल्डिंगभर दारं लोण्यासारखी उघडतात. आणि आमच्या घरी दिव्याखाली अंधार. कपाटाचा कप्पा कलता, खिडकीची काच वर्तमानपत्राच्या घडीवर टेकलेली, आणि बाथरूमची कडी.

ती कडी म्हणजे आईच्या आयुष्याचा एक विषय होता. दार खाली बसलं होतं. आतून कडी लावायची तर एका हाताने दार उचलायचं आणि दुसऱ्या हाताने कडी ठोकायची. काढताना परत तेच. आई रोज अंघोळीहून आली की म्हणायची, "त्या कडीचा बघा ओ." बाबा छिन्नी पुसत म्हणायचे, "करतंय मां." हे 'करतंय मां' किती वर्षं चाललं याला हिशोब नाही. कधी कधी ते खरंच उठायचे, दारासमोर उभे राहायचे, मग चौकटच बदलायला हवी, बिजागऱ्या पितळी हव्यात, काम करायचं तर एकदाच आणि नीट, असं काहीतरी सांगून परत बसायचे. मी म्हटलं, सुतार बोलावते. त्यावर बाबांचं तोंड असं झालं, जणू मी त्यांच्यासाठी वृद्धाश्रम शोधून आले. फिटरच्या घरात सुतार! विषय संपला.

एक काम मात्र त्यांनी तिथे झटपट केलं होतं. वरच्या झरोक्यातून कबुतरं आत येतात म्हणून प्लायवुड मापात कापून झरोका गच्च बंद केला होता. फट सापडायची नाही, असं सुरेख काम.

हे सगळं चालून गेलं असतं. पण मग गेल्या वर्षी खंडेनवमी आली.

आमच्या घरात खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. कंपनीत त्या दिवशी मशिनी बंद असायच्या, धुऊनपुसून त्यांना हार घालायचे, आणि दसऱ्यापर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही. कंपनी सुटली, नियम राहिला. बाबा पहाटेपासून हॉलमध्ये चादर अंथरतात आणि सगळी हत्यारं ओळीने मांडतात. पारयसुद्धा त्या दिवशी फ्रीजमागून बाहेर येते. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, नैवेद्य. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला सुट्टी. उचलायचं नाही, हलवायचं नाही, ओलांडायचं तर मुळीच नाही. हॉलमधून जायचं तर आम्ही भिंतीला पाठ लावून जातो. बाबांनी आईची विळीही मागून पाहिली होती. आई म्हणाली, "माझी विळी पूजेक बसली तर तुम्ही खातलात काय, झेंडू?" त्यामुळे विळीला सुट्टी नाही.

पूजा झाली, नैवेद्य झाला. आईचे नवरात्राचे उपास होते, नऊ दिवस फळं आणि चहा. तरी हिला स्वस्थता नाही. दसऱ्याला घर लख्ख हवं म्हणून ती बाथरूम धुवायला आत गेली, पाणी बाहेर उडू नये म्हणून तिने दार लावलं, आणि सवयीने कडी ठोकली. मी हॉलच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करत होते. थोड्या वेळाने आतून खडखड ऐकू आली, मग ठोकण्याचा आवाज, मग आई म्हणाली, "गो, कडी येत नाय."

मी बाहेरून दार उचललं, आईने आतून कडी ओढली. कडी हलेना. परत उचललं. माझा खांदा भरून आला. ऑक्टोबरचा उकाडा, आत पंखा नाही, झरोक्याला बाबांचं सुरेख प्लायवुड. आणि आईला दमा. तिचा पंप फ्रीजवर.

"बाबा, काढा ना ते दार!"

बाबा पूजेसमोर उभे. एकदा दाराकडे बघतात, एकदा चादरीकडे. "अगो, पूजा झाली मां," ते म्हणाले. "हत्यार कसा उचलूचा?"

माझा संताप कसा सांगू. समोर अख्खं वर्कशॉप मांडलंय, हार घालून, तेल लावून, आणि हा माणूस माझ्याकडे नेलकटर आहे का विचारतो! नेलकटरने झालं नाही. उलथनं फटीत घातलं, ते वाकलं. सुरीचं टोक मोडलं. बाबांनी खांद्याने धक्का दिला, पण दार बाहेर उघडणारं. ते आत जातंय कुठे? आतली जागा वाचावी म्हणून त्यांनीच ते तसं करून घेतलं होतं.

"मी शेजारी बघते," म्हणून मी जिना उतरले आणि तिथे माझी वाटच लागली. खालचे काका दार उघडून म्हणाले, "अगं, आमची पण पूजेत आहेत ना. उद्या घे की." समोरच्या केरळी ताईंनी तर पुस्तकं आणि लॅपटॉपही देवापुढे ठेवले होते, स्क्रू ड्रायव्हरची काय कथा. सोसायटीच्या सुताराला फोन केला. तो नेमका आमच्याच तालुक्यातला निघाला. "ताई, आज हत्यार धरत नाय मी. उद्या दसरो. परवा सकाळी पैल्या झूट तुमच्याकडे येतंय." परवा! मी त्याला म्हटलं, माझी आई आत आहे. तो म्हणाला, "घरात काका फिटर हत मां?"

अख्ख्या मुलुंडमध्ये त्या दिवशी एकाही पान्याला काम नव्हतं.

वर आले तर बाबा दाराला तोंड लावून आईशी बोलत होते. आई आतून सूचना देत होती: गॅस बंद आहे का बघा, दूध मांजरीला दिसेल असं ठेवू नका, आणि उभे राहून दमू नका. मग म्हणाली, "कडीक तेल घाला म्हणान सांगी होतंय." बाबा म्हणाले, "होय." आई परत काहीतरी म्हणाली, पण मधे खोकली. शब्द तुटायला लागले. मी म्हटलं, "आई, बोलू नकोस, शांत बस." आणि बाबांना म्हटलं, "मी फायर ब्रिगेडला फोन करते."

"थांब. सगळी सोसायटी जमतली."

"जमू दे ना! जमू दे सगळी!" मी ओरडले. मी बाबांवर असं कधी ओरडले नव्हते आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

बाबांनी दारावर टकटक केली. "आयकलंस?" आतून उत्तर नाही. "गो?" नाही. त्यांनी जोरात थाप मारली. आत नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज.

मी फोन हातात घेतला होता, पण नंबर लावायच्या आत बाबा वळले. त्यांनी नमस्कार केला नाही, देवाची माफी मागितली नाही. पूजेतून थेट चालत गेले. फुलं पायाखाली आली, नैवेद्याची वाटी कलंडली. मोठी छिन्नी आणि हातोडी त्यांनी हारासकट उचलली, आणि ते दाराच्या वरच्या बिजागरीवर तुटून पडले. पहिला घाव चुकला, बोटावर बसला. दुसरा घाव लागला. गंज उडाला, बिजागरीची पिन वर सरकली. मग खालची. मी दाराच्या फटीत बोटं घातली, बाबांनी छिन्नी तिरकी दाबली, आणि दार बिजागरीच्या बाजूने आमच्या अंगावर आलं. कडी अजून तशीच लागलेली होती.

आई उलट्या बादलीवर बसली होती. चेहरा लाल, केस चिकटलेले, पण डोळे उघडे. मी पंप दिला. तिने दोनदा ओढला, पाठ चोळून घेतली, भिंतीला धरून उठली. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

आवाज ऐकून खालचे काका वर आले होते. उचकटलेलं दार बघून म्हणाले, "काय हो! दोन ठोक्यांत बिजागरी? मानलं तुम्हाला, झकास!" बाबांच्या बोटातून रक्त येत होतं. पण कौतुक म्हटल्यावर त्यांची मान जरा वर झाली. "हत्यार चांगला असला काय," ते म्हणाले, "काम कसा चटकन होता."

आईने पदराने तोंड पुसलं. तिला अजून धाप होती, म्हणून ती सावकाश बोलली.

"मी बोलत होतंय, तेव्हा एक हत्यार उठला नाय. आज गप बसलंय, तर पूजेतली हत्यारां धावत इली."

काका खाली बघत निघून गेले. बाबा दार दोन्ही हातांनी धरून तसेच उभे राहिले, आणि ते कुठे ठेवायचं हे आईने त्यांना सांगितलं नाही.