मनूची चिकटवही आणि टायपिंगच्या मावशी

टायपिंगच्या मावशी कुणाच्या रडण्यासाठी थांबत नसत. वडगावच्या तहसील कचेरीबाहेर त्यांची पत्र्याची टपरी होती. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झाकण तुटलेला स्कॅनर आणि येणाऱ्यासाठी एकच स्टूल. त्या स्टुलावर बसून माणसं दिवसभर रडायची. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं नाव सातबाऱ्यावरून उडालेलं. मावशी बोटं चालू ठेवून म्हणायच्या, "व्हय, व्हय. तारीख सांगा." ही बाई दगडाची आहे असंच नव्या माणसाला वाटायचं. मलाही वाटलं होतं. तुमच्याही तालुक्याच्या गावी कचेरीबाहेर अशी एखादी बाई बसत असेल. आपण कागद करून घेतो आणि उठून येतो, तिच्याकडे नीट बघतही नाही. मी आठ दिवस त्या स्टुलावर बसले, म्हणून मला थोडं जास्त माहीत आहे, एवढंच.

मी भाजे गावची. शाळा आठवीत सुटली. पुढे लोणावळ्याला एका बंगल्यात केरफरशी आणि स्वयंपाक करत होते. तिथल्या मालकीणबाई म्हाताऱ्या झाल्या, मुलाने त्यांना बंगळूरला न्यायचं ठरवलं आणि बाईंनी हट्ट धरला की मी बरोबर हवी. नाही म्हणण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती. माझी मनू तेव्हा चार पुरी व्हायची होती. तिचा बाप ती पोटात असतानाच दुसरीकडे राहायला गेलेला. मनूला माझ्या आईजवळ भाज्यालाच ठेवायचं ठरलं, आणि पुढे शाळेत, दवाखान्यात आजीला कुणी अडवू नये म्हणून तसा कागद करायला मी वडगावला गेले.

मावशींनी कागद टाइप केला आणि वाचून दाखवला, "सबब माझ्या गैरहजेरीत माझ्या मुलीचा सांभाळ माझी आई करील." गैरहजेरी या शब्दावर मला जे रडू फुटलं ते आवरेना.

"अगं, स्टँपपेपर भिजंल. मागं सर," मावशी म्हणाल्या.

"मावशी, ती मला इसरंल."

तेव्हा त्यांची बोटं थांबली. "इसरंलच की. चार वर्षाचं लेकरू हाय. त्यात तिचा काय गुन्हा?" मग प्रिंटरमधून कागद ओढून माझ्या हातात देत म्हणाल्या, "हा झाला शाळंसाठी. पोरीसाठी दुसरा करू. कदी जायचंय तुला?"

"आठ दिवसांनी."

"लय झालं."

मला वाटलं फोटोंचा अल्बम करायचा असेल. पण मनूबरोबरचा माझा फोटो एकच होता, आणि त्यातही माझं अर्धं डोकं कापलं गेलेलं. फोटो काढणारी नेहमी मीच, मग मी फोटोत येणार कुठून? हे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "फोटू नसना. पुरावे आण."

दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर पुरावे घेऊन गेले. लसीकरणाचं कार्ड. जन्मल्यावर मनूच्या मनगटाला बांधलेली दवाखान्याची पट्टी. पौर्णिमेला विहारात जाताना घातलेला, आता आखूड झालेला पांढरा फ्रॉक. फुटलेली प्लास्टिकची बांगडी. माळवलीहून लोणावळ्याला कामावर जायचं माझं लोकलचं एक तिकीट. मावशींनी ते सगळं टेबलावर पसरलं. मी कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत होते, त्यांनी तो चालूच केला नाही. "आदी टेबलावर लाव," म्हणाल्या. "जे जवळजवळ बसतं ते एका पानावर. मशीन मागनं." पहिला अख्खा दिवस आम्ही फ्रॉक आणि बांगडी इकडून तिकडे सरकवण्यात घालवला. मधे मधे लोक येत, मावशी त्यांचे अर्ज करून देत, आणि फ्रॉक मांडीवर घेऊन मी बसून राही.

कचेरीतले साहेब मीटिंगमध्ये भिंतीवर तक्ते दाखवतात ना, त्या पॉवरपॉइंटात ही चिकटवही झाली. रोजच्या अर्जाच्या कागदाएवढं पान त्यांनी ठरवून घेतलं. नवं पान उघडलं की त्यावर दोन रिकाम्या चौकटी आयत्या येतात. मावशी म्हणाल्या, "हे दोन डबे आदी उडव. त्यांच्या डब्यात आपला संसार मावत न्हाई." मग फ्रॉक स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला. झाकण नव्हतं, उजेड आत शिरायचा, म्हणून कुणी तरी टपरीत विसरलेली काळी छत्री त्यांनी उघडून वर धरली. कचेरीतला शिपाई दारातून बघत म्हणाला, "मावशी, आत पाऊस लागलाय का?" मावशींनी वळूनही पाहिलं नाही. पडद्यावर फ्रॉक आला तेव्हा शिवणीचा दोरान् दोरा दिसत होता, आणि पोटावरचा वरणाचा डागही. मी म्हटलं, उद्या धुऊन आणते. "राहू दे. डाग हाय म्हणून तर तो तिचा हाय."

माऊस मात्र मलाच धरायला लावला. काही मोडलं तर मी काय भरून देणार, हीच एक भीती. मावशींना ते कळत असावं. "मोडत न्हाई काय. चुकलं तर कंट्रोल धर अन् झेड दाब, मागं जातंय." एकदा मी चित्र सरकवलं आणि त्याच्या खालचा मजकूर जागेवरच राहिला. तेव्हा त्यांनी शिफ्ट धरून दोन्ही निवडायला आणि एकत्र बांधायला शिकवलं. "ग्रुप करायचं. न्हाईतर लेकरू एकीकडं अन् त्याचं नाव दुसरीकडं." आठवी सुटलेल्या बाईला इतक्या धीराने शिकवणारं मला आधी कुणी भेटलं नव्हतं. शाळेत तर नव्हतंच.

मजकूर मी सांगायचा, त्या टाइप करायच्या. पहिल्याच पानाला मी सांगितलं, "माझी लाडकी परी, तुझ्याविना आईला..." किबोर्डचा आवाज येईना. पाहिलं तर मावशी हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"लाडकी काढ. काय लाड केलंस ते सांग."

लाड करायला सवड कुठे होती? मग आठवलं ते सांगितलं. गॅस पुरवायचा म्हणून सुट्टीच्या दिवशी मी सकाळीच बादली उन्हात ठेवायचे. दुपारी पाणी कोमट झालं की मनूला बादलीतच बसवायचे. ती बाहेर यायला तयार नसायची, बोटं सुरकुतेपर्यंत बसायची. मावशींनी तेवढंच टाइप केलं. त्यात एक शब्द वाढवला नाही.

"हे खरं हाय न्हवं?"

"व्हय."

"मग बास."

फ्रॉकच्या पानावर त्यांनी सवयीने "सदर फ्रॉक" लिहिलं. मी भीतभीत म्हटलं, "मावशी, सदर कशाला?" तेव्हा त्या हसल्या. आठ दिवसांत तेवढ्याच. "सवय गं. लोकांच्या भांडणांत जिंदगी गेली." आणि सदर खोडलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्या दुखऱ्या मनगटांना बांधलेल्या पट्ट्या सोडून बाम चोळत बसायच्या. तेव्हा त्यांचा चेहरा फार थकलेला दिसे. मला म्हणायच्या, "आता टायपिंग नको. थकल्यावर चुका जास्त व्हत न्हाईत, पण दिसत न्हाईत." घरी कोण आहे हे मी कधी विचारलं नाही. बेडसे गावच्या आहेत, टायपिंगची परीक्षा दिलेली त्यांच्या घरातली पहिलीच बाई, एवढं बाहेर चहावाल्याकडून कळलं होतं.

चौदा पानं झाली. ती पेनड्राइव्हवर घेऊन मी बंगळूरला आले. आईजवळ फोन ठेवून आलेच होते. वही त्यावर पाठवायची, आणि रोज संध्याकाळी मनू एकेक पान बघेल तेव्हा मी इकडून वाचून दाखवायचं, असं मनाशी ठरवलेलं. पण बाईंच्या घरातला लॅपटॉप मागायला मला चार महिने धीर झाला नाही. तोवर मनू माझ्या आईला आई म्हणायला लागली होती. तिचंही बरोबर, मी जिला आई म्हणते तिला तीही आईच म्हणणार. मी फोन केला की मागून तिचा आवाज यायचा, "आई, फोनवाली आलीय."

शेवटी एका दुपारी वही उघडली. चित्रं जिथल्या तिथे होती. अक्षरं मात्र गेली होती. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला, उलटी चिन्हं, चौकोन. वरण सांडलेला एक फ्रॉक, एक फुटकी बांगडी, आणि ती कुणाची हे सांगणारी एक ओळही नाही. मी आठवेल तसं फोनवर सांगून पाहिलं, पण मनू समोर बसेचना. मावशींना फोन लावला.

"माझ्या मशीनवर तर बरोबर दिसतंय," त्या म्हणाल्या. इकडे काय दिसतंय ते मी एकेक चिन्ह सांगितलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. तीस वर्षं ह्याच अक्षरात टायपिंग केलं. हे जुनं अक्षर दुसऱ्याच्या मशीनवर उमटत न्हाई, माझ्या ध्यानातच आलं न्हाई. कचेरीच्या भाईर कदी न्यावंच लागलं न्हाई ते."

मी म्हटलं, राहू द्या मावशी. त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी आईचा फोन आला. मावशी चौदा पानं रंगीत छापून, फाइलचा दोरा ओवून, माळवलीला उतरून भर पावसाळ्यात भाज्यापर्यंत चालत आल्या होत्या. आई सांगत होती, "च्या बी घेतला न्हाई आदी. पोरीला मांडीवर बी घेतलं न्हाई. म्होरं बसवलं अन् कोर्टात वाचत्यात तसं वाचलं. पोरगी म्हनली, परत वाच. तीनदा वाचून घेतलं बग!" त्याच फोनवर, मी बंगळूरला आल्यापासून पहिल्यांदाच, मनूने मला काही विचारलं, "तू मला बादलीत बशिवलंतं?"

मी मावशींना फोन करून आभार मानायला लागले तर त्यांनी तोडलं. "छापलेलं फाटंल. तू मोबाइलच्या अक्षरात परत लिही. आता तुला येतंय." मी हो म्हटलं, आणि केलं नाही. दिवसभर बाईंचं उठणं-बसणं, औषधं, संध्याकाळी पाय चेपणं. रविवार आला की नुसतं पडून राहावंसं वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात आई कसल्याशा दाखल्यासाठी वडगावला गेली तेव्हा टपरी बंद होती. मावशींना जाऊन दोन महिने झाले होते. चहावाल्याने सांगितलं, झोपेतच गेल्या. मी इथे बाईंना सूप भरवत होते, ते तसंच भरवत राहिले.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी, बाई झोपल्या की, फोनवर एक पान लिहिते. आईने छापील पानांचे फोटो काढून पाठवलेत, ते बघून. चौदा झाली. पंधरावं मावशींचं करावं म्हटलं तर त्यांचा फोटो माझ्याजवळ नाही, आणि पुरावाही काही नाही. त्यांचा चेहरा मलाच आता नीट दिसेना. म्हणून मागच्या रविवारी मनूला विचारलं. ती आता सहा वर्षांची आहे.

"वाचायला आलेली ती मावशी आठवते का गं तुला?"

"व्हय. पांढरे केस. पायाला चिखल हुता. बसायच्या आदी तिनं माझं नाव इचारलं. अख्खं."

"मग?"

"सांगितलं. मग म्हनली, आईचं नाव?"

मी बाईंच्या पलंगापासून बाजूला जाऊन विचारलं, "कुणाचं सांगितलंस?"

"तुझं. ती म्हनली, परत सांग. मी परत सांगितलं."

पंधराव्या पानावर फोटो नाही. मनूने सांगितलं तेवढंच लिहिलं आहे.