नावं उजवीकडे

आमच्या घरात आकृती हा शिस्तीचा विषय होता. दादा, म्हणजे माझे वडील, पारनेर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. पुढे मीही तोच विषय शिकवायला लागले. पेन्सिल टोकदार, रेघ एकेरी, बाण नकोत, आणि सगळी नावं उजवीकडे, एकाखाली एक. पोरांचं हृदय वांग्यासारखं दिसलं तरी दादा चालवून घेत, पण एखादं नाव डावीकडे गेलं की अर्धा गुण गेलाच. त्यात दयामाया नव्हती, आणि ती नसावी असंच माझंही मत होतं.

गेल्या वर्षी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. जन्मभर वर्गात बोलून घसा बसवून घेतलेला माणूस नुसता ‘ते... ते...’ म्हणत राहायचा. घरी आणल्यावर रोज सकाळी त्यांना उठवून बसवताना ते असे कण्हायचे की ऐकवत नसे. काहीतरी दुखत होतं, पण कुठं ते सांगता येत नव्हतं. आम्ही पोट दाबून पाहिलं, पाठ चेपून पाहिली. काही कळेना.

मग मला जे येतं ते मी केलं. मोठ्या ड्रॉइंगच्या कागदावर माणसाची आकृती काढली. पट्टी लावून रेघा ओढल्या, त्यांच्या टोकाशी ठळक अक्षरात नावं लिहिली. इतकी सुबक आकृती मी बी.एड.लासुद्धा काढली नव्हती.

“दादा, कुठं दुखतं त्या नावावर बोट ठेवा.”

त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि डाव्या हाताने तो बाजूला सारला. दुसऱ्या दिवशीही तेच. अक्षरं आणखी मोठी केली, तरी तेच. मला त्यांचा रागच यायला लागला.

“काय दुखत न्हाई त्यांना,” आई म्हणाली. “दुखलं असतं तर बोट लावलं असतं. हुशार मानूस हाय.”

मला मात्र वेगळीच भीती वाटत होती. दादा अक्षरं विसरले, असं मी मनाशी धरलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आकृती कपाटामागे गेली. सकाळचं कण्हणं तसंच चालू राहिलं.

पुढे नगरला तपासणीला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोर बसून दोन्ही बाजूंना बोटं हलवून पाहिली. दादांच्या डावीकडचं बोट हललं की ते मान हलवायचे. उजवीकडे काहीही केलं तरी ते समोरच बघत राहायचे.

“यांना उजवीकडचं दिसतच नाही,” बाई म्हणाल्या. “डोळे चांगले आहेत, दोष मेंदूचा आहे. घरी काही जाणवलं नाही?”

 आई म्हणाली, “ताटातली भाजी तशीच ऱ्हायची वो. मला वाटलं, मन उडालं भाजीवरनं. चटनीसंगच भाकर खायाचे.”

चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे, हे आमच्याकडे कधी चुकत नाही.

घरी आल्यावर मी नवा कागद घेतला. सगळी नावं डावीकडे लिहिली. एक नाव सवयीने उजवीकडे गेलं, ते खोडलं. कागद दादांपुढे धरला आणि पुन्हा तेच विचारलं. या वेळी त्यांनी तो सारला नाही. बोट ‘डोकं’वरून ‘मान’वर आलं, आणि ‘उजवा खांदा’वर टेकलं. “नक्की?” मी विचारलं. त्यांनी बोट उचललं नाही.

आई पलंगाशी उभी होती. रोज सकाळी ती त्यांना त्याच हाताला धरून उठवायची. लुळ्या हाताला काय कळणार, असं आम्हाला वाटायचं. ते कण्हले की ती थांबायची, आणि मी तिला म्हणायचे, “ओढ अजून थोडं, बसतायत.”