तारबाईंचा उजवा हात

तारबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. रेकॉर्ड प्लेअरची सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजमध्ये, ते भारी जातीचं असलं तर, सुईच्या नळीमागे तांब्याच्या तारेचं इवलंसं वेटोळं असतं. सुई हलली की वेटोळं हलतं आणि त्यातून गाणं निघतं. बाई एकोणिसाव्या वर्षापासून कारखान्यात ही वेटोळी गुंडाळत आल्या, म्हणून तारबाई. तार केसाहून बारीक. जवळ कोणी शिंकलं तरी तुटायची.

कारखाना बंद पडला, पाठोपाठ नवरा गेला. बाईंनी टायरच्या दुकानावरची खोली घेतली, सूक्ष्मदर्शक मांडला आणि पाटी करायला दिली. पाटी रंगवणाऱ्याने जास्तीची हुशारी केली, 'कार्ट्रिज'चं मराठी केलं आणि मोठ्या अक्षरांत रंगवलं, 'काडतुसे दुरुस्त करून मिळतील'. पहिल्याच आठवड्यात एक मिशीवाला वर येऊन दबक्या आवाजात विचारून गेला, "बाई, बंदुकीची पण करता का?"

इमारती बांधणारा एक ठेकेदार त्यांच्याकडे आला तो कार्ट्रिज निवडायला. धिप्पाड माणूस, आवाज भरदार, हसणं मोकळं.

"सगळ्यात भारी कोणतं ते द्या."

"आधी तुमच्या प्लेअरचा सुई धरणारा दांडा कसा आहे ते सांगा. हलका की जड?"

"दांड्याचं काय घेऊन बसलात?"

"स्थळ बघतात तसं आहे हे, साहेब. हलक्या दांड्याला ताठ सुई दिली, की दोघं जन्मभर भांडतात आणि रेकॉर्डचा जीव जातो."

ठेकेदार खो खो हसला. बाईंनी त्याच्या हलक्या दांड्याला साजेसं, मऊ चालीचं कार्ट्रिज निवडलं. आवाज फार बारीक निघतो, आधी तो वाढवणारी छोटी पेटी लागेल, हे सांगितलं. सुईवरचा भार काट्यावर मोजून लावायचा, ब्रश मागून पुढे फिरवायचा, आडवा कधीच नाही. "आणि बोट अजिबात लावायचं नाही. ही सुई काढून दुसरी बसवता येत नाही. मोडली तर अख्खं पोट फाडावं लागतं."

"घरात कुणाची टाप नाही बोट लावायची," ठेकेदार म्हणाला. बाईंना तेव्हा ते बोलणं नुसती बढाई वाटली.

चौथ्या महिन्यात भर दुपारी तो पुन्हा आला. रुमालाची पुरचुंडी टेबलावर टाकून म्हणाला, "म्हाताऱ्याने वाट लावली."

"म्हातारा" म्हणजे त्याचे वडील. बाईंनी कार्ट्रिज भिंगाखाली धरलं. नळी मुळापासून मोडली होती. आत, पार वेटोळ्यापर्यंत, तपकिरी खपली धरली होती आणि खपलीला चामडीचा एक तुकडा चिकटला होता. त्यावर एक पांढरी लव होती.

"हे रक्त आहे," बाई म्हणाल्या.

"टोचली असेल सुई."

"टोचली तर थेंब येतो. इथे चामडी आहे. काय केलंत तुम्ही बाबांना?"

ठेकेदाराने खांदे उडवले. "हात आत होता, वरून प्लेअरचं झाकण आपटलं. दोन-तीनदा. हजारदा बजावलं होतं."

"दवाखान्यात नेलंत?"

"खोलीत कोंडलाय. दोन दिवस बसू दे, अक्कल येईल. तुम्ही तुमचं काम करा."

बाईंनी फोन उचलला. त्याने तो हिसकावून भिंतीवर फोडला, बाईंचं उजवं मनगट धरलं आणि पंजा टेबलावर दाबला. पहिल्या दिवशीचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं.

"या हाताची फार मिजास आहे ना तुला?"

त्याने सूक्ष्मदर्शक उचलला आणि लोखंडी बुडाने पंजावर हाणला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पहिली दोन बोटं भलत्याच दिशेला गेली. डावीकडे तारा जोडायची सोल्डरिंगची कावी तापलेली होती. ती त्यांनी उचलून त्याच्या गालात खुपसली. चर्र झालं, जळक्या मांसाचा वास खोलीभर पसरला. तो गुरासारखा हंबरला. त्याने बाईंना फडताळावर भिरकावलं. काचेच्या बरण्या त्यांच्या अंगावर फुटल्या. मग लाथा. एक बरगडीत, एक तोंडावर. दोन दात जिभेवर आले.

खालच्या टायरवाल्याने धडधड ऐकली आणि तो हातातल्या पहारीसकट धावत वर आला. "ताई!" एवढंच ओरडून त्याने ठेकेदाराच्या गुडघ्यावर पहार घातली. ठेकेदार आडवा झाला.

तिथे थांबायला हवं होतं. बाई उठल्या, डाव्या हाताने सूक्ष्मदर्शक उचलला आणि पडलेल्या माणसाच्या तोंडावर हाणला. पुन्हा. पुन्हा. टायरवाल्याने त्यांना मागून कव घातली.

"ताई, बस! मरेल तो!"

"मरू दे."

तो मेला नाही. पोलीस आले. बाईंनी दवाखान्याची गाडी आधी ठेकेदाराच्या घराकडे वळवायला लावली. खोलीला बाहेरून कडी होती. आत फरशीवर म्हातारा बसला होता, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला हात भोपळ्याएवढा सुजलेला. बाईंचं रक्ताळलेलं तोंड बघून त्याने विचारलं, "तुम्हालाही त्यानेच?"

"हो, बाबा."

"सुईला धूळ लागली होती हो," तो अपराध्यासारखा म्हणाला. "मी नुसती फुंकर मारायला हवी होती."

ठेकेदाराला चार वर्षांची शिक्षा झाली. म्हाताऱ्याला लेक घेऊन गेली. कोर्टात ठेकेदाराच्या वकिलाने बाईंना विचारलं, "तो पडल्यावर तुम्ही किती वेळा मारलंत?"

"तीनदा."

"का?"

"बरं वाटत होतं."

बाईंच्या वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. न्यायाधीशांनी खरमरीत समज देऊन बाईंना सोडलं.

त्यानंतर बाई कितीतरी दिवस डावा हात मांडीखाली दाबून बसायच्या. टायरवाल्याने एकदा विचारलंच, "ताई, अजून त्याची भीती वाटते?"

"त्याची नाही रे," त्या म्हणाल्या. "तू धरलं नसतंस, तर मी थांबले नसते. आणि तेव्हा मला किती हलकं वाटत होतं, ते तुला सांगता येत नाही."

टायरवाला म्हणाला, "मी रोज खालीच असतो, ताई."

उजवी दोन बोटं सांधली, पण वाकेनात. बाईंनी डाव्या हाताने वेटोळं गुंडाळायला घेतलं. अकरा वेळा तार तुटली. अकराव्या वेळी त्यांनी रीळ भिंतीवर फेकलं, मग गुडघ्यावर बसून ते हुडकून आणलं. बाराव्या वेळी तार तुटली नाही. पण भिंगाखाली पाहिलं तर वेढे वेडेवाकडे बसले होते. बाईंनी ते उसवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.