स्लॅबवरचा बोजा

कौसल्येनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या, आणि त्याही उलट्या बसवल्या. (चूक तिची होती. ती म्हणायची, माझी. आता वाद घालायला समोर कोणी नाही म्हणून मीच जिंकलो. पण असल्या जिंकण्यात मजा नाही.) पाणी घरात गळायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या आता, उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून पडली, ती उठलीच नाही.

आमच्या घरात डोकं चालवायचं खातं तिच्याकडे होतं आणि हातपाय चालवायचं माझ्याकडे. ती गेल्यावर डोक्याची जागा रिकामी पडली. ती मी स्वतःच भरून पाहिली! मग काय झालं ते सांगतो.

घर तिच्या नावावर. प्लॉट तिच्या बापानं दिलेला, आणि कागद पोरीच्या नावानं केलेला. (सासऱ्यानं मला लग्नातच नीट पाहून घेतलं होतं.) तेरवी झाल्यावर शेजारचा धनराज येऊन बसला. धनराज एसटीत कंडक्टर होता; रिटायर झाला तरी माणसांना पुढं सरकवायची सवय गेली नाही.

"भाऊ, कागदावर तुझं नाव चढवून घे."

"काहून?"

"काहून म्हनजे? उद्या कोणी बी येईन अन् म्हनन, घर माझं आहे. मंग बसजो रस्त्यावर!"

मी घाबरलो. पोरगी सुनंदा उमरेडला दिलेली. ती रोज फोनवर म्हणते, इकडं या. पण तिथं मी पाहुणा. पाहुण्याला चहा विचारून देतात. मला विचारून दिलेला चहा जात नाही. तेव्हा ठरवलं, काही झालं तरी घर जाऊ द्यायचं नाही, आणि घरांचे कागद असतात त्या हापिसात गेलो.

खिडकीतला बाबू माणूस भला होता. कॉम्प्युटरमध्ये पाहून म्हणाला, "बाबाजी, नाव चढन. पन तुमच्या घरावर बोजा दिसून राहिला."

"बोजा?"

"हाव. लई जुना आहे. पहिले तो उतरवा, मंग या."

मी थक्क झालो. हा माणूस इथं खुर्चीत बसलेला, आणि याला माझ्या घरावरचं सामान दिसतं! मग आठवलं. मागं वस्तीत मोजणीवाले आले होते, आणि डोक्यावरून ड्रोन भिरभिरत गेला होता. कौसल्या तेव्हा स्लॅबवर कुरोड्या घालत होती. तिनं पदर सावरून त्याला हात जोडले होते. म्हणजे त्यानं सगळं टिपलं! कुरोड्या सुटल्या असतील, पण बाकीचा बोजा सापडला.

आणि बोजा होताच! कौसल्या काही फेकत नसे. दोन कूलरचे सांगाडे, मोडकी खाट, तळ गेलेली कोठी, बहिणीकडून आलेलं गंजकं कपाट, आणि सगळ्यात जड म्हणजे तिचा हातमाग. आम्ही कोष्टी. मी माग सोडून गोदामाची चौकीदारी धरली, पण ती डोळे अधू होईपर्यंत लुगडी विणत राहिली. नंतर माग सोडवून वर ठेवला. मी म्हणायचो, "स्लॅबवर एवढा बोजा काहून चढवतं वं?" ती म्हणायची, "तुमच्या डोक्यावर तं नाही ना चढवला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच धनराजला हाक मारली.

"चल बे, बोजा उतरवाचा आहे. सरकारचा हुकूम आहे."

"सरकार असं बी सांगते?"

"ड्रोननं पाह्यलं गा त्याहिनं!"

धनराज ड्रोनला मानतो. दोर आणला. खाट उतरली, कोठी उतरली. कपाट मधेच अडकलं आणि दार उघडून शेजारणीच्या तुळशीवर आपटलं. माग एकेक लाकूड करून मी स्वतः उतरवला. धनराज म्हणाला, "जाऊ दे भाऊ, मी टाकतो वरूनच." मी म्हणालो, "तुले टाकीन वरून!"

शेवटी राहिली पाण्याची टाकी.

"हे बी उतरवाची काय?"

मी विचार केला. (हाच तो धोक्याचा क्षण. कौसल्या असती तर इथं खालून ओरडली असती, "येडे झाले काय जी?" मी दोन मिनिटं वाट पाहिली. कोणी ओरडलं नाही.)

"बोजा म्हनजे बोजा," मी म्हणालो.

टाकी रिकामी केली. पाणी जिन्यावरून थेट गल्लीत! तेवढ्यात गल्ली गोळा झाली. तुळशीवाली रुखमाबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"भाऊजी, घर विकलं काय? महिना नाही झाला तं कौसल्याबाईले जाऊन!"

"विकलं नाही वं, बोजा उतरवून राहिलो."

"बायको म्हनजे बोजा होती काय तुमाले?"

मी तोंड उघडेपर्यंत कबाडीवाला हातगाडी घेऊन हजर. त्यानं मागाच्या लाकडाला हात लावला आणि मी त्याच्यावर अशा आवाजात ओरडलो, की माझा मीच दचकलो. तो म्हणाला, "बाबाजी, बेचाचं नाही तं रस्त्यावर काहून मांडलं?" बरोबर होतं त्याचं. एका माणसानं तर घरभाडं किती म्हणून विचारलं. आणि कुणीतरी पुण्यवान आत्म्यानं उमरेडला फोन लावला: "तुह्या बापानं घर विकलं!"

मला त्या फोनचं काही ठाऊक नव्हतं. मी मोकळ्या स्लॅबच्या मधोमध छाती काढून उभा राहिलो, धनराजच्या मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला आणि त्याला घेऊनच हापिस गाठलं.

"साहेब, उतरवला!"

बाबू खूश झाला. "एवढ्या लवकर? दाखवा बरं पत्र."

मी मोबाइल पुढं केला. बाबूनं पाहिलं. फोटो मोठा करून पाहिला. शेजारच्या बाबूला बोलावून दाखवला.

"हे काय आहे बाबाजी?"

"बोजा उतरवला ना! पाहा, टाकी बी ठेवली नाही."

दोघंही टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखे वाकले, आणि बराच वेळ वर आले नाहीत. मग बाबू डोळे पुसत म्हणाला, "बाबाजी, फोटोत तुमी उभे आहा, तेवढा बोजा राहूनच गेला."

मग त्यानं समजावून सांगितलं. घर तारण ठेवून कर्ज घेतलं, की घराच्या कागदावर त्याची नोंद होते. तिला बोजा म्हणतात. कर्ज फिटलं तरी कोणी काढून घेतली नाही तर नोंद तशीच राहते. तेव्हा मला आठवलं. हा माग घ्यायलाच कौसल्येनं सोसायटीचं कर्ज काढलं होतं. त्याच मागावर विणून तिनं ते फेडलंही होतं.

"मंग हे अगोदर सांगाचं ना! माझी कंबर गेली."

"सांगितलं असतं, पन तुमी लगेच उठून गेले. आता असं करा, ज्याहिनं कर्ज घेतलं त्याहिची सही घ्या अन् सोसायटीचं पत्र आना."

"तिची सही आनाले गेलो तं मी पत्र घेऊन वापस नाही येनार, साहेब."

बाबूचं हसू गेलं. खुर्चीवर नीट बसला. "माफ करा बाबाजी. वारसाच्या सहीनं बी होते. बोजा निघाला, की बाईचं नाव कमी करू अन् तुमचं चढवू."

"कमी?"

"म्हनजे काढू."

"काढता काहून? खाली जागा नाही काय कागदावर? तिच्या खाली लिवा माझं."

"तसं नाही होत, बाबाजी. गेलेल्या मानसाचं नाव कमीच करा लागते."

मी उठलो. येताना रस्ताभर धनराज काहीतरी बोलत होता. काय, ते त्यालाच माहीत.

घरी आलो तर ओट्यावर सुनंदा रडून राहिलेली. आजूबाजूला संसार मांडलेला, मधे टाकी.

"बाबा, मले इचारलं बी नाही?"

तिला सगळं सांगितलं. ती रडता रडता हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडायला. इतक्यात लाइट बिलवाला आला. त्याला आमच्या घरी काय झालं ते काय माहीत! नेहमीसारखा फाटकातून ओरडला,

"कौसल्याबाई आहे काय घरी?"

"आहे!" मी म्हणालो. "आन इकडं."

तो बिल देऊन गेला. सुनंदानं ते माझ्या हातातून घेतलं.

"बाबा, काय म्हनले तुमी त्याले?"

"काय म्हनलो? नाव तिचंच आहे ना बिलावर."

"तुमी दर खेपेले असंच सांगता?"

"आतापावतो दोघंच आले. एक हा, अन् एक टॅक्सवाला. बाकी तिचं नाव घेऊन दारात कोण येते वं आता?"

सुनंदानं पदराला डोळे पुसले. "राहू द्या तं तिचंच नाव. पुढचं मी पाहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी धनराजच्या नळावर तोंड धुतलं (टाकी अजून खालीच!), धुतलेला सदरा घातला आणि हापिस उघडायच्या आधी खिडकीपुढं जाऊन उभा राहिलो. बाबू मला पाहून आधीच हसायला लागला.

"आज काय उतरवलं बाबाजी?"

"काही नाही. बोजा राहू द्या म्हनाले आलो. घर जाईन काय त्यानं?"

"घर कुठं जात नाही. कर्ज तं फिटलंच आहे. फक्त विकता नाही येनार."

"विकाचं कोणाले आहे?"

"अन् तुमचं नाव बी नाही चढनार."

"तेच तं म्हनतो! बाईचं नाव कमी नाही होनार ना मंग?"

बाबूनं कॉम्प्युटरमध्ये पुन्हा एकदा पाहिलं. "नाही होनार, बाबाजी."

"मंग द्या अर्ज. अंगठा लावू का सही करू?"

"अर्ज नाही लागत. याच्यात आमाले काहीच कराचं नाही."

लोकांचे सरकारी हापिसात जोडे झिजतात. माझं काम असं उभ्या उभ्या झालं, कारण मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना जमेल असं काम घेऊन गेलो होतो!