हलव्याच्या दागिन्यांच्या लाह्या

मला घरात उरलेलं काही बघवत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या वरणाची थालीपिठं, लोणच्याच्या तळाला राहिलेल्या खाराचा पराठा, असं माझं सतत चालू असतं. आमचे हे म्हणतात, हिच्यासमोर जास्त वेळ स्वस्थ बसू नये, ही आपल्यालाही फोडणी घालेल. त्यांना बोलायला काय जातं? चाळीस वर्षांत या घरातून अन्न म्हणून कचऱ्यात गेलेलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. होता, असंच आता म्हणायला हवं.

मुलाचं लग्न झालं त्यानंतरची पहिली संक्रांत. नव्या सुनेला काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, बिल्डिंगमधल्या बायकांचं हळदीकुंकू, सगळं यथासांग झालं. दागिने इगतपुरीहून विहीणबाईंनी पाठवले होते. बाजारातले गोंदाने चिकटवलेले नव्हेत, घरी केलेल्या हलव्याचे, सुईदोऱ्याने ओवलेले. हार, मंगळसूत्र, तोडे, बाजूबंद, बिंदी. हलवा इतका काटेरी की हळदीकुंकवाला आलेल्या बायका तो बोट लावून बघत होत्या. फोटो झाले, आणि सुनेने ते सगळं काचेच्या बरणीत भरून स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवून दिलं. कशाला ठेवलं, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

ती कमी बोलणारी. इथे नाशकातच अंबडच्या एका कंपनीत नोकरी करते, संध्याकाळी घरी आली की हात धुऊन माझ्याबरोबर ओट्याशी उभी राहते. काहीही विचारलं तरी तिचं एकच उत्तर, "चालेल आई." भाजीला वांगं करू? चालेल आई. तुमच्या खोलीचे पडदे बदलू? चालेल आई. मी मैत्रिणींना सांगत असे की सून कशी गुणाची मिळाली आहे, कशालाच नाही म्हणत नाही.

आमच्याकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या शिस्तीत, संक्रांतीचं गोड रथसप्तमीच्या आत संपलं पाहिजे. नव्या नवरीचे हलव्याचे दागिनेसुद्धा. माझे स्वतःचे दागिने सासूबाईंनी रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मोडले आणि दिरांच्या मुलांच्या मुठीत वाटले होते. घरातल्यांनी नवरीचं गोड खाल्लं की नवरी घरातली होते, असं त्या म्हणत. मला तेव्हा ते आवडलं होतं. त्यामुळे त्या वर्षी रथसप्तमी दोन दिवसांवर आली, तशी मी शनिवारी दुपारी डबे काढले.

आणि काय काय निघालं. दगडासारख्या झालेल्या तिळाच्या वड्या, रेवड्या, हळदीकुंकवाला आलेल्या पोरांसाठी आणलेल्या चॉकलेटांपैकी दोन मुठी, पाकिटातला रंगीत हलवा. त्याच आठवड्यात मुलाने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता. परदेशातली कुणी बाई सणाच्या उरलेल्या गोळ्या-चॉकलेटं पॉपकॉर्नमध्ये घालून गोडखारट काहीतरी करत होती. मला ती बाई एकदम आपल्यातली वाटली. मक्याचे दाणे घरात होतेच.

कुकरमध्ये चमचाभर तूप, मीठ, चिमूटभर हळद घालून दाणे टाकले आणि शिट्टी न लावता झाकण नुसतं वर ठेवलं. तडतड सुरू झाली, मग थांबली. मोठी परात भरून लाह्या निघाल्या. त्यात खारे शेंगदाणे घातले, चिवड्यासाठी तळून ठेवलेले पोहे घातले. आता पाकाला साखर हवी. डब्यातली साखर घालायची तर उरलेलं काय संपणार, आणि पाकिटातला हलवा मूठभरच होता. मी वर बघितलं, तर कपाटावर बरणी.

स्टूल घेतलं, बरणी उतरवली, कात्रीने दोरे कापले. मंगळसूत्रापाशी हात जरा अडला. मग मी स्वतःला म्हटलं, अगं साखरच आहे ती. काळे मणी वाटीत काढून ठेवले. हलवा कढईत घातला, वर दोन चमचे पाणी. काटे पहिल्यांदा गेले, मग दाणा गेला, आणि पाकात पांढरे तीळ तेवढे तरंगत राहिले. पाक सोनेरी झाल्यावर चमचाभर लोणी घातलं, तो लाह्यांवर ओतला, भराभर कालवलं. वड्यांचा चुरा आणि चॉकलेटचे तुकडे वरून. गार झाल्यावर एक लाही तोंडात टाकली. आधी मीठ लागलं, मग साखर, मग तीळ. माझ्या हातून इतकं चांगलं फार दिवसांत काही झालं नव्हतं. यांनी उभ्या उभ्या दोन वाट्या संपवल्या.

सून आली ती पर्स खांद्याला असतानाच परातीशी आली. मूठभर तोंडात टाकून म्हणाली, "मस्त झालंय आई. कशाचा पाक आहे?"

मी यादी सांगायला लागले. वड्या, चॉकलेटं, पाकिटातला हलवा, "आणि तुझे दागिने."

तिने कपाटाच्या वर बघितलं. तोंडात होतं ते तिने सावकाश चावलं आणि गिळलं. टाकून दिलं नाही. मग पर्स खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "आई, ते बाळाच्या बोरन्हाणासाठी ठेवलं होतं."

"कुठल्या बाळाच्या?"

"होईल तेव्हाच्या. आमच्याकडे नवरीचे दागिने मोडत नाहीत. बरणीत जपून ठेवतात आणि पहिल्या बाळाच्या बोरन्हाणाला त्याच्या डोक्यावरून ओततात. माझ्या अंगावर माझ्या आईचे ओतले होते."

मी लगेच सासूबाईंना पुढे केलं. आमच्याकडे असं असतं, रथसप्तमीच्या आत संपवायचं असतं, घरातल्यांनी खायचं असतं, वगैरे. चूक झाली की माझा आवाज चढतो, हा माझा जुना दोष आहे. तिने ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे असेल," ती म्हणाली. "पण माझ्या आईच्या बोटांना संधिवात आहे. या वेळी महिनाभर रोज थोडं थोडं करत होती. शेवटचा हलवा म्हणाली. यापुढे तिला हलवा फिरवता येणार नाही." मग म्हणाली, "आईला मात्र सांगू नका. तिला वाटू दे की बरणी भरलेली आहे."

त्या रात्री तिने जेवायला वांगं वाढून घेतलं आणि बरं झालंय म्हणाली. मला तिने भांडावंसं फार वाटत होतं.

विहीणबाईंचा दर रविवारी फोन येतो. आधी लेकीशी, मग माझ्याशी. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, "हलवा ठीक हाय ना? मुंग्या तर नाय लागल्या?" मी म्हणाले, "नाही नाही, चांगला आहे." दुसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, "बरणीत चार लवंगा टाका, म्हंजे मुंग्या येत नाय." मी म्हणाले, टाकते. मी तोंडावर बोलणारी बाई आहे, सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पाणी सोडणाऱ्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत कुणाला काही राखून बोलले नाही. आणि इथे मी त्या बरणीत नसलेल्या हलव्यात नसलेल्या लवंगा टाकत होते. फोन ठेवला की मला पाणी प्यावं लागे.

लाह्यांचा एक डबा उरला होता. त्याला कुणी हात लावत नव्हतं. अगदी आमचे हेसुद्धा नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात एक पदार्थ पडून होता आणि तो संपवायची मला हिंमत नव्हती.

तिसऱ्या रविवारी सकाळी, फोन यायच्या आत, मी सुनेला म्हणाले, "मी इगतपुरीला जाऊन तुझ्या आईला खरं सांगते. चालेल?"

ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "नाही चालणार."

या घरात तिने उच्चारलेलं ते पहिलं नाही. मी खुर्चीवर बसले. मग तीच म्हणाली, "एकट्या नका जाऊ. मी येते बरोबर."

नाशिकरोडहून गाडीने तास-सव्वा तास. आम्ही समोरासमोर बसलो. डबा माझ्या पिशवीत होता. तो कशाला घेतला होता, हे मला धड सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने माफी मागायला जाणं बरं दिसेना, एवढंच.

विहीणबाई स्टेशनच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात राहतात. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन सहा वर्षं झाली. विहीणबाईंनी चहा टाकला. मी म्हटलं, चहा नंतर, आधी ऐका. आणि सगळं सांगितलं. कात्रीसुद्धा. काळे मणी वाटीत काढले तेसुद्धा. सांगताना आवाज चढला नाही, उलट फुटला. मी म्हणाले, "चुकलं माझं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

त्यांनी डबा उघडायला घेतला. बोटं वळत नव्हती, झाकण निघेना. लेक पुढे झाली तर त्यांनी तिला मानेनेच नको म्हटलं आणि डबा मांडीत दाबून स्वतः उघडला. एक लाही उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरली.

"हे माझे तीळ," त्या म्हणाल्या. तोंडात टाकली. लाह्या सादळल्या होत्या, तरी त्यांनी ती नीट चावून खाल्ली. "मीठ बरं पडलंय."

त्यांनी डबा मांडीतून खाली ठेवला.

"मला वाईट वाटलं, विहीणबाई. खोटं नाय बोलणार. लय वाईट वाटलं." त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पन काहीतरी झालंय हे मला कळत व्हतं. हलव्याचं विचारलं की तुमचा आवाज बारीक व्हायचा. तुमचा आवाज एरवी कधी बारीक नसतो. मला वाटलं, मुंग्या लागल्या आन तुम्ही लपवताय."

सून हसली. हसता हसता रडायला लागली, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडली. मी उठून चहा गाळला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, "पुढच्या थंडीत या. आठ दिवस काढून या. मी सांगेन, तुम्ही करा."

मी गेले. या जानेवारीत गेले. बाळाचा अजून पत्ता नव्हता आणि मी विचारतही नव्हते. आठ दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडीपुढे बसले. परातीत तीळ, खाली मंद निखारे, पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे. थांबलं की गोळा होतो, घाई केली की वितळतो. मला थांबताही येत नाही आणि घाई केल्याशिवाय राहवतही नाही. पहिल्या दिवसाचा सगळा गोळा झाला. तिसऱ्या दिवशी बोटांची टोकं भाजून लाल झाली आणि मी परात ढकलून म्हणाले, हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही. विहीणबाई स्टुलावरून म्हणाल्या, "बोटं धुवा, तूप लावा आन बसा." इतक्या शांतपणे मला माझ्या आईनंतर कुणी दटावलं नव्हतं. मी बसले.

आणि प्रत्येक दुपारी, एक दाणा जेमतेम मोहरीएवढा वाढलेला बघताना, मला माझ्या कढईतला तो पाक आठवायचा. महिनाभराचं काम मी चार मिनिटांत विरघळवलं होतं. वळत नसलेल्या बोटांचं.

आठव्या दिवशी सून आम्हाला न्यायला आली. आम्हाला म्हणजे मला. हलवा तयार होता, अर्धा किलो असेल नसेल. पांढरा झाला होता, पण काटा आला नव्हता. औषधाच्या गोळ्यांसारखा गुळगुळीत. मी म्हटलं, हा बोरन्हाणाला कसा चालेल?

"बाळाला टोचणार तरी नाय," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांनी स्टीलच्या डब्यात तो भरला. वेळ लागला, पण दोघींनाही हात लावू दिला नाही. झाकण तळहाताने दाबून बसवलं. सुनेने घ्यायला हात पुढे केला. विहीणबाईंनी तिच्या हाताच्या पलीकडून डबा माझ्याकडे दिला.

"तुमच्याकडंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता तुमच्याइतकं कुनी जपायचं नाय."

मी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "चालेल," आणि माझी पिशवी उचलून पुढे निघाली.